ओझ्याबरोबर सवणेही गेले

घरातली हवा आणि घरातली उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घर बांधताना दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. ऐकायला हे अगदी साधे वाटते. पण नांदेड-लातूर भागातल्या लोहा, कंधार, अहमदपूर या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत उभी राहिलेली घरे नीट पाहिली, तर नेमका हाच हिशेब चुकलेला दिसतो. मे महिन्यात रात्री दहा वाजता बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणातल्या बाजेवर पडले तर झोप लागावी इतपत गारवा आलेला असतो. आत मात्र पंखा पूर्ण वेगाने वरची धग खाली आणून अंगावर टाकत असतो. भिंतीला हात लावला तर ती तापलेल्या कपाळासारखी लागते. मग घरातले धडधाकट लोक अंथरूण उचलून गच्चीवर जातात, आणि ज्यांना जिना चढता येत नाही अशी म्हातारी माणसे, आजारी माणूस, बाळंतीण आणि तिचे बाळ त्या तलखीतच रात्र काढतात. डिसेंबरात याच घराची दुसरी खोड दिसते. थंडी आत येऊ नये म्हणून दारे-खिडक्या गच्च लावल्या जातात आणि पहाटे खोलीत शिरले की कोंदट वासाचा भपका येतो. उन्हाळ्यात उष्णता बाहेर जात नाही आणि हिवाळ्यात हवा बाहेर जात नाही. या भागातल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात दोहोंची सोय होती, अपुरी होती पण विचार करून केलेली होती. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपण डोक्यावरचे मातीचे ओझे उतरवले, ते योग्यच केले. पण त्या ओझ्यात ठेवलेले हवेचे भोकही त्याच्याबरोबर बुजवून टाकले, आणि ते बुजवायचे काहीच कारण नव्हते.

हा मुद्दा कळायला आधी थंड देशांतल्या घरांकडे पाहावे लागते. तिथे हा हिशेब फार काटेकोरपणे मांडला गेला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर उत्तर अमेरिकेत आणि युरोपात घर गरम ठेवणे महाग झाले, तेव्हा तिथल्या लोकांनी घराच्या फटी बुजवायला सुरुवात केली. भिंतीत जाड अस्तर, खिडकीला दोन-तीन काचा, दाराला रबरी पट्ट्या. उष्णता वाचली, पण घर डब्यासारखे बंद झाले. आतल्या माणसांचा श्वास, अंघोळीची वाफ, स्वयंपाकाचा वास सगळे आतच फिरू लागले, काचांवर पाणी जमू लागले, कोपऱ्यांत बुरशी धरू लागली. खिडकी उघडावी तर पैसे मोजून गरम केलेली हवा क्षणात निघून जाणार. या पेचातून कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात, रेजायना शहरात, १९७७ साली एक प्रायोगिक घर बांधले गेले. त्यात बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा एकमेकींना न मिसळता शेजारून जातील असे यंत्र बसवले होते. पुढे जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९१ मध्ये अशाच विचाराची घरांची रांग उभी राहिली आणि ‘पॅसिव्ह हाउस’ हा शब्द रूढ झाला. यंत्राचे काम सांगायला अगदी सोपे आहे. पातळ पत्र्यांची चवड असते. एका पत्र्याच्या वरून शिळी हवा बाहेर जाते, खालून ताजी हवा आत येते. हवा हवेला शिवत नाही, पण पत्र्यातून उष्णता तेवढी इकडची तिकडे जाते. बाहेर शून्य अंश आणि आत वीस अंश असतील, आणि यंत्र शंभरातले ऐंशी भाग उष्णता परत मिळवत असेल, तर आत येणारी ताजी हवा सोळा अंशांची होऊन येते. शिळी हवा गेली, ऊब मात्र घरातच राहिली. तिकडे नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना या घरांची ओळख बहुधा फोडणीच्या वासावरून होते. या यंत्राची भिंतीतली जाळी थंडीच्या भीतीने बंद केली की आदल्या रात्रीच्या लसणाचा वास दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडद्यांत राहतो.

याच यंत्राचा एक छोटा प्रकार आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भिंतीला आरपार गोल भोक पाडून त्यात एक नळकांडे बसवतात. नळकांड्यात एक पंखा आणि त्याच्या मागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा सिरॅमिकचा ठोकळा असतो. सिरॅमिक म्हणजे अखेर भाजलेली मातीच. पंखा साधारण सत्तर सेकंद आतली हवा बाहेर फेकतो. ती जाता जाता आपली ऊब त्या मातीच्या ठोकळ्यात ठेवून जाते. मग पंखा उलटा फिरतो आणि सत्तर सेकंद बाहेरची हवा आत ओढतो. ती येताना ठोकळ्यातली ऊब उचलून घेते. म्हणजे माती उष्णता घेते, थोडा वेळ धरून ठेवते आणि परत देते. हे वाचताना ज्याने माळवदाचे घर पाहिले आहे त्याला काहीतरी ओळखीचे वाटायला हवे. सत्तर सेकंदांऐवजी बारा तास धरा आणि वीतभर ठोकळ्याऐवजी दोन-अडीच फुटांची भिंत धरा; मराठवाड्याचे जुने घर तयार होते.

त्या घराची बांधणी आता तिशीतल्या माणसालाही सांगावी लागेल, म्हणून जरा तपशिलात सांगतो. दगड आणि मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांबांच्या रांगा, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे खणांवर मोजत. खांबांवर तुळया, तुळयांवर किलच (आडव्या लाकडी पट्ट्या), त्यावर फळ्या किंवा काटक्या-पाला, आणि सगळ्यांच्या वर फूट-दीड फूट मातीचा थर. ही माती पांढरी, चिकट, पाणी झिरपू न देणारी अशी निवडून आणायची. मृगाच्या आधी तिच्यावर नवी माती पसरून चोपायची आणि उतार नीट करून पाणी पन्हाळातून बाहेर काढायचे. या सपाट छतात, बहुतेक चुलीच्या किंवा माजघराच्या वर, हातभर रुंदीचे एक भोक ठेवलेले असे. त्याला सवणे म्हणतात, कुठे साणे म्हणतात. सकाळी त्यातून उन्हाचा एक तिरपा खांब खाली उतरे, त्यात धूर आणि धूळ गिरक्या घेताना दिसे; दुपार होईतो तो उजेडाचा ठिपका भिंतीवरून जमिनीवर सरकत जाई. पाऊस आला की पोरासोराला वर पिटाळून सवण्यावर फरशीचा तुकडा किंवा पालथे घमेले टाकायचे. पाऊस थांबला की काढायचे. एवढेच त्याचे यंत्र. पण कामे तीन होती. उजेड आणणे, चुलीचा धूर घालवणे आणि तिसरे, ज्याचा विचार सहसा होत नाही, ते म्हणजे घरात वर साचलेली गरम हवा रात्री बाहेर सोडणे. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. वर वाट मिळाली की निघून जाते आणि तिच्या जागी ओसरीच्या, चौकाच्या बाजूने खालून गार हवा ओढली जाते. नांदेड परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पहाटे पंचविशी-सव्विशीच्या आसपास उतरतो. पंधरा अंशांचा हा फरक म्हणजे इथल्या निसर्गाने रोज रात्री फुकट दिलेला गारवा. सवणे तो घरात घेई आणि जाड भिंत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जपून ठेवी.

कुणी म्हणेल की माळवद गार असे ते भिंती जाड म्हणून, भोकाचे त्यात काय मोठेसे? या शंकेचे उत्तर भिंतीच्या स्वभावातच आहे. जाड भिंत उष्णता अडवत नाही, ती उशिरा पोचवते. दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंतीतून दुपारची धग आत यायला बारा तास किंवा त्याहून अधिक लागतात, म्हणजे ती पोचते तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्या वेळी घरात हवा खेळती असेल तर आलेली धग तिथल्या तिथे वाहून जाते. खेळती नसेल तर ती भिंतीतच मुरते, दुसऱ्या दिवशीची तिच्यावर चढते, आणि आठवड्याभरात ते जाड घर भट्टीसारखे होते. भिंत हे साठवणीचे भांडे झाले, सवणे ही त्याची तोटी. तोटी नसलेल्या भांड्यात जे साठते ते उपसायचे कसे? थंड देशातल्या यंत्रातही ठोकळा आणि पंखा दोन्ही लागतात. नुसता ठोकळा भिंतीत बसवला तर तो दगडच.

आता सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत खरा आक्षेप. माळवदाने माणसे मारली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली. ज्या प्रदेशाने हे पाहिले त्याला माळवदाचे गुण सांगायला जाणारा माणूस शब्द जपूनच वापरील. माझ्याही मनात त्या घरांबद्दल हळहळ नाही. माणसापेक्षा घर मोठे नसते. पण मरण कशाने आले, हे नेमके सांगितले पाहिजे. फूटभर जाडीची माती एक चौरस मीटरवर पसरली तर तिचे वजन पाचशे किलोच्या जवळ जाते. दहा बाय बाराच्या एका खोलीवर पाच टनांहून अधिक. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेलेल्या कित्येक घरांवर ती याच्याही पुढे गेलेली होती. खालच्या भिंती रुंद होत्या, पण आत-बाहेर दोन वेगळ्या रांगा आणि मध्ये दगड-मातीचा भराव अशा. दोन्ही रांगांना सांधणारा आरपार दगड बऱ्याच भिंतींत नव्हताच. जमीन हलली तशा त्या रांगा सुटून फुगल्या आणि कोसळल्या. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. म्हणूनच भूकंपानंतर जुन्या घरांच्या बळकटीकरणासाठी तज्ज्ञांनी जे उपाय सांगितले त्यांत माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपे टेके देणे अशी कामे होती. या यादीत सवणे बुजवा असे कुठे नव्हते. माणसे गेली ती ओझ्याने आणि सुट्या दगडांनी.

पण भीती अशी नेमकेपणाने वागत नाही. किल्लारीपासून शंभर किलोमीटरवरच्या गावांतही माळवदाखाली झोपायची धास्ती बसली आणि ती समजण्यासारखी होती. मग ज्याच्या हातात पैसा आला त्याने स्लॅब टाकला, ज्याच्याकडे नव्हता त्याने टिनपत्रे टाकले. पक्के घर म्हणजे स्लॅबचे घर, हे समीकरण इतके घट्ट बसले की पक्के म्हणजे बंद, हेही त्याच्या पोटात शिरले आणि कुणाच्या लक्षात आले नाही. जुन्या शाळेच्या, चावडीच्या इमारतीत दारावर आणि छताखाली जे झरोके असत, तेही नव्या घरांतून गेले. लिंटलच्या वर सरळ विटकाम, त्यावर गिलावा, त्यावर ऑइलपेंट. चार-पाच इंचांचा स्लॅब दुपारी घेतलेली उष्णता तीन-चार तासांत खाली उतरवतो, म्हणजे माणूस रानातून किंवा दुकानातून परत येतो त्याच वेळी ती खोलीत पोचते आणि मध्यरात्रीपर्यंत झिरपत राहते. वर साचलेल्या त्या तापलेल्या हवेला निघायला जागा नाही, कारण खिडकीची चौकट संपते तिथून छतापर्यंत तीन फूट भिंत कोरी आहे. पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जी हवा मिळते ती तो खाली ढकलतो.

दुसऱ्या हिशेबाचा, म्हणजे हवेचा आणि श्वासाचा, विचार तर आणखी कमी होतो. म्युनिकमधल्या मॅक्स फॉन पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ सालीच सांगून ठेवले होते की खोलीतल्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे हजार भाग झाले की ती हवा शिळी समजावी. हा वायू तेवढ्याने विष होत नाही; पण माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचला आहे, याचे ते चांगले माप आहे. एक साधे गणित करून पाहू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली. तिच्यात साधारण चौतीस हजार लिटर हवा मावते. आत नवरा-बायको आणि दोन लेकरे झोपलेली. चौघे मिळून तासाला चाळीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली पूर्ण बंद धरली तर दर तासाला हजाराहून अधिक भागांची भर पडते. बाहेरच्या मोकळ्या हवेतले सव्वाचारशे भाग आधीच आहेत. म्हणजे दहाला दार लावले तर पेटेनकोफरची रेघ तासाभराच्या आतच ओलांडली जाते, आणि पुढे सकाळपर्यंत आपण एकमेकांनी सोडलेली हवाच घेत राहतो. दाराखालची फट थोडे वाचवते, एवढेच. ज्या घरात कुणाला खोकल्याचा जुना आजार आहे, क्षयाची शंका आहे, तिथे हे गणित जास्त गंभीर होते. पेरूमधल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांच्या खोल्या मोजून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारे उघडी ठेवली तेव्हा पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत हवा तासाला चाळीसदा बदलत होती. नव्या धर्तीच्या खोल्यांत सतरा वेळा. क्षयाचा संसर्ग पसरण्याचा धोका त्या जुन्या वॉर्डांत सर्वांत कमी निघाला. बांधणाऱ्याने वर जागा आणि वाट सोडली होती, त्याचे हे फळ.

‘खिडक्या तर आहेत की, उघडाव्यात,’ असे सहज म्हटले जाते. उघडाव्यातच. पण मोजून पाहिले तर त्या पुरत नाहीत. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खोलीच्या जमिनीच्या एक-दशांशाइतके उघडे क्षेत्र सांगितले आहे, आणि खिडकीचा जो भाग खरोखर उघडतो तोच धरायचा असतो. एकशे वीस चौरस फुटांच्या खोलीला बारा चौरस फूट हवे. आता सर्रास बसते ती ॲल्युमिनियमची सरकती खिडकी चार बाय चारची, म्हणजे सोळा चौरस फुटांची. दिसायला भरपूर; पण एक तावदान दुसऱ्यामागे सरकले की उघडी राहते ती आठच चौरस फूट. जुनी दोन दारांची लाकडी खिडकी पूर्ण उघडत असे. शिवाय ही खिडकी बहुधा एकाच भिंतीत असते. समोरच्या बाजूला वाट नसेल तर वारा खिडकीपाशी येऊन तिथेच घुटमळतो. हवेला यायला एक आणि जायला एक, अशा दोन जागा लागतात आणि जायची जागा उंच असेल तर वारा पडलेल्या रात्रीही काम चालते, ही गोष्ट सवणे ठेवणाऱ्या गवंड्याला माहीत होती.

कूलर आणि एसीचे उदाहरण इथे घ्यायलाच हवे, कारण बहुतेकांना तोच उपाय वाटतो. आपला ताट्यांचा कूलर हे खरे तर हवा बदलणारे यंत्र आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, पाणी वाफ होताना तिची उष्णता घेते आणि गार, ओलसर हवा खोलीत येते. पण ती खोलीतून बाहेरही पडली पाहिजे. कित्येक घरांत कूलर खोलीच्या आत ठेवतात आणि गारवा जाऊ नये म्हणून दार लावून घेतात. अर्ध्या तासात खोलीतली हवा पाण्याने जड होते, अंग चिकट होते, ताट्यांवरचे पाणी वाफ व्हायचे थांबते आणि कूलर नुसता ओला पंखा होतो. समोरची वरची झडप उघडी असती तर तोच कूलर रात्रभर गार हवा देत राहिला असता. स्प्लिट एसीची गोष्ट वेगळी. तो बाहेरची हवा घेतच नाही. खोलीतलीच हवा फिरवून गार करतो आणि उष्णता नळीवाटे बाहेर नेतो. उष्णतेचा हिशेब त्याने चोख केला, श्वासाचा केला नाही. एसीच्या बंद खोलीत झोपून उठल्यावर डोके जड होते, याचे एक कारण हे असू शकते. उष्णता परत मिळवणारे यंत्र आपल्याकडे उपयोगी पडेल ते अशाच खोल्यांत. बाहेर ४२ अंश, आत २८ अंश, आणि यंत्राने शंभरातले पंचाहत्तर भाग राखले, तर बाहेरची ताजी हवा साडेएकतीस अंशांची होऊन आत येते. थंड देशात ते ऊब राखते, इथे गारवा राखील. नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत आणि शिकवणीच्या ज्या एसी वर्गांत साठ-साठ पोरे तासन्‌तास बसतात, तिथे ते खरोखर हवे आहे. लोह्यातल्या साध्या घराला त्याची गरज मला वाटत नाही. त्याला वीज लागते, जाळ्या वेळच्या वेळी धुवाव्या लागतात आणि सुगीच्या धुळीत त्या चार दिवसांत भरतात. यंत्र नको असले तरी त्यामागचा विचार मात्र या घरालाही लागू आहे.

जुन्याचे कौतुक करताना एक गोष्ट लपवली तर लेखणीशी बेइमानी होईल. माळवदाची घरे अंधारी होती आणि त्यांतल्या स्वयंपाकघरांनी बायकांच्या फुफ्फुसांचे फार नुकसान केले. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा धूर एका हातभर भोकातून निघून जाईल, अशी अपेक्षा ठेवणेच चूक होते. तो आधी डोळ्यांत आणि छातीत जाई, उरला तर सवण्यातून जाई. तुळया काळ्याकुळकुळीत दिसत त्या याच धुराने. गॅस आला हे फार चांगले झाले आणि तो अजून पुरता पोचलेला नाही हे वाईट आहे. पण गॅसची शेगडी आली म्हणून स्वयंपाकघराला वाट नको, हेही खरे नाही. फोडणीचा धूर, भाकरीच्या पिठाची धूळ, गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू, कुकरची वाफ यांना बाहेर काढायला ओट्याच्या वर, छताला लागून झरोका किंवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. चुलीच्या काळात भोक लहान होते. गॅसच्या काळात तेही नाहीसे झाले.

डास, धूळ आणि चोर, हे तीन आक्षेप घरात नेहमी ऐकू येतात आणि ते खोटे नाहीत. रात्री खालची खिडकी उघडी टाकून झोपायला बाई-माणसाला भीती वाटते, आणि ती तशी वाटू नये असे उपदेश करून काही होत नाही. म्हणूनच झरोका वर हवा. सात-आठ फुटांवर, नऊ इंच उंच आणि दोन-अडीच फूट रुंद, आत गज आणि त्यावर डासांची जाळी. त्यातून चोर येत नाही, साप येत नाही, रस्त्यावरून आतले काही दिसत नाही आणि तो बाराही महिने वापरता येतो. धूळ येईल, लोह्याहून जाणाऱ्या नांदेड-लातूर महामार्गाच्या कडेच्या घरांत जरा जास्तच येईल. त्यासाठी झरोका रस्त्याच्या उलट बाजूला ठेवावा आणि धूळ उडत असेल तेव्हा त्याची झडप लावावी. उन्हाळ्यात दिवसा बंद, रात्री उघडे. हिवाळ्यात दुपारी उघडे, रात्री बोटभर फट. जुन्या घरात सवण्यावरची फरशी सरकवणारी बाई हेच करत होती. तिला कुणी शास्त्र शिकवलेले नव्हते, पण घर कधी उघडायचे आणि कधी झाकायचे हे तिला पक्के ठाऊक होते.

घरकुलाबद्दलही बोलले पाहिजे, कारण लोहा तालुक्यातली पुष्कळ नवी घरे त्यातलीच आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. इतक्या लहान घरात माणसे जास्त आणि हवा कमी, म्हणून वाटा ठेवण्याची निकड इथेच सर्वांत जास्त. आणि इथेच त्या सर्वांत आधी वगळल्या जातात, कारण हप्ता पडायच्या आत भिंती उभ्या करून फोटो काढायचा असतो. सिमेंटच्या जाळीचे चार ठोकळे विटांपेक्षा फार महाग नसतात. समोरासमोरच्या भिंतींत छताखाली ते बसवले आणि स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी चुना मारला, तर त्या घरातली मे महिन्याची रात्र बरीच सुसह्य होते. ग्रामपंचायतीने आणि अभियंत्याने पाहणीच्या वेळी पाया आणि लिंटलबरोबर एवढेही पाहावे.

ज्यांच्या घराला आतून जिना आहे त्यांच्याकडे तर सवणे अर्धे बांधलेलेच असते. जिन्यावरची ती लहान खोली घरातली सर्वांत उंच जागा. घरभरची गरम हवा आपसूक तिथे गोळा होते आणि गच्चीचे दार लावलेले असल्यामुळे तिथेच अडकते. तिच्या भिंतीत छताला लागून जाळीचा झरोका ठेवला आणि रात्री खालची सुरक्षित खिडकी उघडली, की खालून गार हवा येते आणि वरून गरम निघून जाते. वीज लागत नाही आणि डोक्यावर एक घमेलेही माती वाढत नाही. लोह्यात यंदा घर काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की हे गवंड्याला विटकाम छतापर्यंत पोचायच्या आधी सांगावे, आणि स्लॅबमध्येच भोक ठेवायचे असेल तर सळ्या बांधायच्या आधी अभियंत्याला सांगावे, म्हणजे तो भोकाभोवती जास्तीची सळई देईल. त्या वेळी त्याला चार फळ्यांची एक चौकट पुरते. स्लॅब पडल्यावर तेच भोक घ्यायचे तर सळ्या तोडाव्या लागतात, आणि मग कुणी ते घेत नाही.